माणसाळलेल्या कुत्र्यासाठी घर निवडताना

शेल्टरमधल्या बुजऱ्या किंवा अंगावर येणाऱ्या कुत्र्याला घर मिळणे अवघड असते, हे तिथे काम करणाऱ्या सगळ्यांना ठाऊक असते आणि त्याच्यासाठी मेहनतही घेतली जाते. जो कुत्रा फाटकापाशी आलेल्या प्रत्येक माणसाकडे शेपूट हलवत धावतो, त्याच्याबद्दल मात्र ‘याला काय, कोणीही नेईल’ असे म्हटले जाते, आणि पुष्कळदा घडतेही तसेच, कोणीही नेते. नेणाऱ्याचा बंगला असतो, बंगल्यापुढे हिरवळ असते, आणि महिन्याभरात ‘हा दिवसभर ओरडतो, दार ओरबाडतो, शेजारी तक्रार करतात’ असा फोन येतो.

माणसांचा लळा असलेल्या कुत्र्याला मोकळ्या जागेपेक्षा सोबत हवी असते, हे त्यामागचे साधे कारण आहे. दोन खोल्यांच्या घरात आजी दुपारी शेंगा सोलत बसत असेल, तर तो तिच्या पायाशी तासन्‌तास पडून राहतो. सकाळी आठला सगळे बाहेर पडणाऱ्या मोठ्या घरात तोच कुत्रा कावराबावरा होतो. म्हणून ‘घर केवढे आहे’ हा प्रश्न नंतर विचारावा आणि ‘घरात माणूस किती वेळ असतो’ हा आधी. पुढे जे सांगितले आहे ते शहरातल्या किंवा शहरालगतच्या शेल्टरमधला प्रौढ, देशी, माणसांत मिसळणारा कुत्रा डोळ्यांसमोर ठेवून सांगितले आहे. पिल्लांचे गणित निराळे असते आणि त्यांना मागणीही भरपूर असते.

आधी कुत्रा नीट ओळखावा

‘प्रेमळ आहे’ एवढ्याने काहीच कळत नाही. तो अनोळखी माणसांशी प्रेमळ आहे की फक्त रोज जेवण देणाऱ्या मावशींशी, लहान मुलांशी कसा आहे, दुसऱ्या कुत्र्यांशी कसा आहे, खाण्याच्या भांड्याजवळ हात गेला तर काय करतो, हे वेगवेगळे प्रश्न आहेत आणि त्यांची उत्तरेही वेगवेगळी येतात. शिवाय शेल्टरच्या आवारात कुत्रा जसा वागतो तसाच तो घरात वागेल, असे धरून चालू नये. तिथे दिवसभर इतर कुत्र्यांचा कालवा असतो, जेवणाच्या वेळा ठरलेल्या असतात आणि एकटे राहण्याची वेळच येत नाही.

त्यामुळे जाहिरात करण्याआधी त्याला निरनिराळ्या दिवशी आवाराबाहेर न्यावे. पट्टा लावून रस्त्याच्या कडेने चालवावे आणि दुचाकी जवळून गेली, बसचा हॉर्न वाजला, पलीकडून एखादा मोकाट कुत्रा भुंकला तर तो काय करतो ते पाहावे. शेल्टरच्या ऑफिसात त्याला अर्धा तास एकटे बंद करून बाहेरून कान लावावा. पाच मिनिटे कुंईकुंई करून तो आडवा झाला तर उत्तम, पण सतत दारावर झेपा घेत राहिला तर ही गोष्ट इच्छुक कुटुंबाला स्पष्ट सांगावी लागेल. कान, पंजे, शेपटी यांना हात लावून पाहावा, कारण घरातले मूल नेमके तिथेच हात घालते. मांजर असलेल्या घरातून विचारणा होण्याचा संभव असेल, तर पट्ट्यावर धरूनच त्याची मांजराशी दुरून गाठ घालून द्यावी. गाडीत उलटी होते का, हेही एकदा तपासावे.

ज्या कुत्र्याने कधी घर पाहिलेले नाही, त्याच्या अडचणी आपल्या ध्यानातही येत नाहीत. गुळगुळीत फरशीवर त्याचे चारही पाय चार दिशांना जातात आणि तो भिंतीला चिकटून चालू लागतो. छताचा पंखा सुरू झाला की मान वर करून मागे सरकतो. कुकरची शिट्टी झाली की पलंगाखाली जातो. लिफ्टचे दार उघडताच बसकण मारतो, आणि त्याला ओढत आत नेले तर पुढचे कित्येक दिवस लिफ्टकडे फिरकत नाही. म्हणूनच एखाद्या स्वयंसेवकाच्या घरी आठ-पंधरा दिवस फॉस्टर म्हणून, म्हणजे तात्पुरते सांभाळायला, ठेवणे हा कुत्रा ओळखण्याचा सर्वांत खात्रीचा मार्ग आहे. शी-शू कुठे करतो, रात्री कुठे झोपतो, दारावरची बेल वाजल्यावर काय करतो, ही माहिती शेल्टरमध्ये वर्षभर ठेवूनही मिळत नाही.

औषधपाणी

रेबीजची लस, डिस्टेंपर, पार्वो इत्यादी विषाणूजन्य आजारांवरची एकत्रित लस, जंतांचे औषध आणि नसबंदी या गोष्टी कुत्रा घरी जाण्याआधी झालेल्या असाव्यात, आणि नसबंदीचे टाके पूर्ण भरलेले असावेत. ‘नसबंदी तुम्ही नंतर करून घ्या’ असे सांगून दिलेल्या कुत्र्यांची नसबंदी पुष्कळदा होतच नाही. आपल्याकडे गोचिडांचा सुळसुळाट पाहता, गोचीडतापासाठी रक्त तपासून घेणे शहाणपणाचे ठरते. नव्या घरी गेल्यावर चौथ्या दिवशी कुत्रा तापाने फणफणला तर त्या कुटुंबाची उमेदच जाते. लसींच्या नोंदी असलेले पुस्तक कुत्र्याबरोबर द्यावे. नसबंदीच्या वेळी कानाला दिलेला छोटा काप ही खूण असते, हेही समजावून सांगावे, नाहीतर ‘याचा कान कोणी तोडला?’ हा प्रश्न हमखास येतो.

फोटो आणि मजकूर

पिंजऱ्याच्या जाळीमागून काढलेला फोटो पाहून दया येते, आणि दयेपोटी नेलेला कुत्रा दया ओसरली की जड होतो. फोटो मोकळ्या जागी, सकाळच्या उजेडात, कुत्र्याच्या डोळ्यांच्या उंचीवर बसून काढावा. एका फोटोत त्याच्या शेजारी माणूस उभा असावा, म्हणजे त्याचा आकार कळतो. काळ्या कुत्र्याचा फोटो भर उन्हात काढला तर नुसता काळा ठिपका दिसतो. त्याला सावलीत, फिकट भिंतीपुढे बसवावे. पंधरा-वीस सेकंदांचा एखादा व्हिडिओ, ज्यात तो पट्ट्यावर चालतो आहे किंवा कोणाच्या तरी मांडीवर डोके ठेवून बसला आहे, दहा फोटोंचे काम करतो.

मजकुरात ‘याला घर द्या, नाहीतर तो झुरून मरेल’ असली भाषा टाळावी. समजा, बंड्या नावाचा कुत्रा आहे. त्याच्याबद्दल असे लिहिता येईल: “बंड्या, नर, वय साधारण चार वर्षे, वजन अठरा किलो, नसबंदी व लसीकरण पूर्ण. माणसांची फार आवड. पाहुण्यांच्या अंगावर उडी मारतो, ही सवय अजून मोडायची आहे. मोठ्या मुलांबरोबर चांगला राहतो. दुसरा नर कुत्रा चालत नाही, मादी चालते. एका वेळी दोन-तीन तास एकटा राहतो, त्याहून अधिक नाही. फटाक्यांना घाबरतो. अंडे, दहीभात, चिकन सर्व खातो.” हा मजकूर वाचून दहातले सात जण गळतील आणि ते गळावेत, हाच त्याचा हेतू आहे. उरलेल्या तिघांशी बोलण्यात वेळ घालवावा.

चौकशी

पहिले बोलणे फोनवर करावे आणि ते उलटतपासणीसारखे होऊ देऊ नये. ‘तुमच्या घरातला नेहमीचा दिवस कसा असतो, ते सांगा’ एवढे विचारले तरी बरेच कळते. सकाळी घरातून सर्वांत शेवटी कोण निघते, संध्याकाळी पहिले कोण येते, कामाच्या बाई कधी येतात आणि त्यांना कुत्र्याची भीती वाटते का, गणपतीत किंवा मे महिन्यात गावी जाताना कुत्र्याचे काय करणार, हे त्या ओघात येतेच. सणासुदीला गावी जाण्याचा प्रश्न माझ्या मते सर्वांत उपयोगी आहे. ज्यांनी त्याचा आधी विचार केलेला असतो, ते ‘आम्ही गाडीने जातो, त्यालाही नेऊ’ किंवा ‘बहीण शेजारच्याच इमारतीत राहते’ असे चटकन सांगतात. ज्यांनी केलेला नसतो, ते गप्प होतात. रेल्वेने कुत्रा न्यायचा तर वातानुकूलित प्रथम वर्गाचा स्वतंत्र कूपे तरी घ्यावा लागतो किंवा त्याला गार्डच्या डब्यात ठेवावे लागते, हे पुष्कळांना माहीतच नसते.

घरातल्या प्रत्येकाशी, विशेषतः ज्येष्ठांशी, बोलल्याशिवाय होकार देऊ नये. मुलगा-सून उत्साहाने फोन करतात आणि दिवसभर कुत्र्याबरोबर राहायचे असते सासूबाईंना. देवघरातल्या दत्ताच्या तसबिरीत चार कुत्री असली तरी सोवळ्याच्या स्वयंपाकघरात एकही चालत नाही, आणि तसे असेल तर ते मोकळेपणाने बोलून घ्यावे. ‘स्वयंपाकघराच्या उंबऱ्यापर्यंत’ असा नियम कुत्रा सहज शिकतो, पण घरातल्या दोन माणसांचे त्यावर एकमत नसेल तर भांडण कुत्र्यावर निघते. ज्या आजी पहिल्या दिवशी ‘मला नको बाई’ म्हणतात, त्यांना एकदा शेल्टरमध्ये आणून कुत्रा दाखवावा. त्यानंतरही नकार असेल तर तो प्रामाणिक मानून तिथेच थांबावे. शाकाहारी घर म्हणून कोणाला नाकारू नये. अंडे चालते का, पनीर-दही देणार का, तयार खाद्य परवडेल का, एवढे पाहावे आणि आहाराबद्दल पशुवैद्यकाचा सल्ला घ्यायला सांगावे.

भाड्याने राहणाऱ्यांना सरसकट नकार देणारे शेल्टर मला पटत नाही. आपल्याकडे भाडेकरार बहुधा अकरा महिन्यांचा असतो आणि देशी कुत्रा बारा-चौदा वर्षे सहज जगतो, ही विसंगती खरी आहे. पण तिच्यावर उपाय आहे. घरमालकाची लेखी संमती घ्यावी, आणि ‘पुढचे घर शोधताना कुत्रा चालेल असेच शोधाल का’ हे स्पष्ट विचारावे. सोसायटीची गोष्ट वेगळी आहे. भारतीय पशुकल्याण मंडळाच्या २०१५ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार गृहनिर्माण संस्थेला बहुमताने ठराव करूनसुद्धा पाळीव प्राणी ठेवण्यावर बंदी घालता येत नाही, की लिफ्ट वापरू न देण्याचा नियम करता येत नाही. तरीही नव्या कुत्र्याच्या पहिल्याच आठवड्यात त्या सूचनांची प्रत घेऊन सेक्रेटरींच्या दारात उभे राहण्यापेक्षा, कुत्र्याला आधी त्यांना भेटवून आणणे आणि फिरायला नेताना शी उचलायची पिशवी हातात दिसेल अशी धरणे जास्त कामी येते.

परदेशी जाण्याची शक्यता असलेल्या तरुण जोडप्यांनाही कुत्रा द्यायला हरकत नाही, फक्त ‘व्हिसा आला तर?’ याचे उत्तर आजच हवे. भारतासारख्या रेबीजचा धोका जास्त मानल्या गेलेल्या देशातून अमेरिकेत कुत्रा नेण्याचे नियम ऑगस्ट २०२४ पासून अधिक कडक झाले आहेत. मायक्रोचिप, ठरलेल्या क्रमाने लसीकरण, रक्ताची तपासणी आणि कागदपत्रे या सगळ्याला काही महिने द्यावे लागतात. तिकीट हातात आल्यावर शेल्टरला फोन करणाऱ्यांना हे तेव्हा कळून उपयोग नसतो.

काही मागण्या ऐकताच सावध व्हावे. ‘शेतावर राखणीला हवा’ ही त्यातली नेहमीची. माणसाळलेला कुत्रा राखण करत नाही. तो चोराचेही स्वागत करतो. त्याला साखळीने बांधून ठेवले तर तो झुरतो, आणि जुन्नर, आंबेगाव, शिरूर या उसाच्या पट्ट्यात रात्री बाहेर बांधलेला कुत्रा बिबट्याला आयता सापडतो. शेतावर घर आहे, माणसे तिथेच राहतात आणि कुत्रा रात्री घरात झोपणार आहे, अशी हमी असेल तरच पुढे जावे. ‘काळाच हवा, गुरुजींनी सांगितले आहे’ असे म्हणणाऱ्यांना नम्रपणे नकार द्यावा. ग्रह पालटले की कुत्रा नकोसा होतो. ‘मुलाच्या वाढदिवसाची भेट’ म्हणून हवा असेल तर वाढदिवस होऊन जाऊ द्यावा आणि मग बोलावे.

घर पाहणे

घरभेट टाळू नये. फार लांब असेल तर निदान व्हिडिओ कॉलवर घर फिरून दाखवायला सांगावे. फर्निचर पाहायचे नसते. बाल्कनीच्या गजांमधून कुत्र्याचे डोके बाहेर जाते का, सरकत्या खिडकीला जाळी किंवा गज आहेत का, मुख्य दार आपोआप लागते की उघडे राहते, बंगल्याच्या फाटकाखाली किती फट आहे, हे पाहायचे असते. दूधवाला, कचरा नेणारे, कुरिअर आणणारे यांच्यासाठी दिवसातून किती वेळा दार उघडते, हेही विचारावे. बुजरा कुत्रा उघड्या दारातून घाबरून पळतो, तर माणसाळलेला कुत्रा आनंदाने कुरिअरवाल्याच्या मागे जातो. हरवण्याच्या दृष्टीने दोन्ही सारखेच. ‘तो झोपणार कुठे?’ असे विचारल्यावर जिन्याखालची किंवा गच्चीवरची जागा दाखवली गेली, तर ते घर या कुत्र्यासाठी नाही.

सगळे जुळले तरी त्याच दिवशी कुत्रा देऊ नये. कुटुंबाने शेल्टरमध्ये निदान दोनदा यावे, मुलांना घेऊन यावे, आणि त्यातल्या एका वेळी त्याला स्वतः फिरवून आणावे. ओळखपत्राची आणि वीजबिलाची प्रत घेऊन एक साधा करार करावा: कुत्र्याला कायम बांधून ठेवणार नाही, दरवर्षी लस देणार, परस्पर दुसऱ्याला देणार नाही, सांभाळणे अशक्य झाल्यास शेल्टरलाच परत करणार. प्राण्याला वाऱ्यावर सोडून देणे हा १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यातील कलम ११ नुसार गुन्हा आहे, पण पहिल्या गुन्ह्याचा दंड दहा ते पन्नास रुपये असल्यामुळे त्याच्या धाकावर विसंबण्यात अर्थ नाही. दिल्ली परिसरातील भटक्या कुत्र्यांबाबत सर्वोच्च न्यायालयाने २२ ऑगस्ट २०२५ रोजी दिलेल्या आदेशात, दत्तक घेतलेला कुत्रा पुन्हा रस्त्यावर येणार नाही याची जबाबदारी दत्तक घेणाऱ्यावर टाकली आहे. तेवढे वाक्य करार वाचून दाखवताना सांगितले तर माणसे गंभीर होतात, असा अनुभव आहे.

पाठवणी आणि पहिले आठवडे

कुत्रा शक्यतो घरातल्यांच्या सुट्टीच्या दिवशी सकाळी पाठवावा, म्हणजे पहिली रात्र येण्याआधी त्याला घराचा वास ओळखीचा होतो. दिवाळीच्या आधीचे पंधरा दिवस आणि दिवाळी यांत कोणत्याही परिस्थितीत पाठवू नये. नवी जागा आणि सुतळी बॉम्ब हे दोन्ही एकदम आले की पट्टा तोडून पळालेला कुत्रा परतीचा रस्ताही शोधू शकत नाही. त्याच्या अंथरुणातले न धुतलेले जुने फडके आणि तो शेल्टरमध्ये खात असलेले दोन-तीन दिवसांचे खाणे बरोबर द्यावे. गळपट्ट्यावर नव्या मालकाचा फोन नंबर लिहिलेला टॅग घराबाहेर पाऊल टाकण्यापूर्वीच लावलेला असावा.

कुटुंबाला तीन गोष्टी लिहून द्याव्यात. पहिले पंधरा दिवस गळपट्टा आणि छातीचा पट्टा या दोन्हींना दोरी लावूनच बाहेर न्यावे, मग तो कितीही शहाणा वाटो. पाहुण्यांची रांग लावू नये. सगळ्यांवर प्रेम करणारा कुत्राही दमतो, आणि दमलेला कुत्रा गुरगुरतो. आणि एकटे राहण्याची सवय पहिल्या दिवसापासून, थोडी थोडी लावावी: कचरा टाकून येण्याएवढा वेळ, मग वाण्याकडे जाऊन येण्याएवढा, मग तासभर. पहिला आठवडा सुट्टी काढून त्याला क्षणभरही नजरेआड न करणारे आणि आठव्या दिवशी सकाळी नऊ ते रात्री आठ ऑफिसला जाणारे लोक, नकळत का होईना, त्याच्यावर फार अन्याय करतात. लहान मुले असलेल्या घरी हेही सांगून ठेवावे की दात लागलाच, तर लसीकरण झालेला कुत्रा असला तरी जखम साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटे धुवावी आणि त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावी.

शेल्टरच्या बाजूने तिसऱ्या दिवशी, तिसऱ्या आठवड्यात आणि तिसऱ्या महिन्यात फोन करावा. पहिल्या फोनवर ‘जेवत नाही’ ही तक्रार बहुधा असते आणि ती सहसा लवकर मिटते. मात्र खाणे बंद असतानाच उलट्या, जुलाब किंवा ताप असेल तर त्याच दिवशी पशुवैद्यकाकडे न्यायला सांगावे. तिसऱ्या आठवड्यात खरा स्वभाव दिसू लागतो: सोफ्यावर हक्क सांगणे, चपला पळवणे, दुपारी चारला फिरायला नेण्यासाठी भुंकणे. हा फोन वेळ काढून करावा, कारण परत करण्याचा विचार असेल तर तो याच सुमारास मनात येतो आणि विचारल्याशिवाय कोणी सांगत नाही. एकटेपणाची, चपलांची किंवा दारावर झेप घेण्याची अडचण असेल तर दोन आठवडे मुदत मागून घेऊन स्वयंसेवकाने घरी जाऊन मदत करावी.

तरीही कुत्रा परत आला तर त्या कुटुंबाला दोष देत बसू नये. बोल लावले की पुढच्या वेळी अडचणीत आलेला माणूस शेल्टरला फोन करण्याऐवजी कुत्रा महामार्गावर सोडून देतो. उलट त्यांच्याकडून सगळे विचारून घ्यावे: रात्री कसा झोपला, कशाला घाबरला, एकटा किती वेळ राहिला. ती माहिती मजकुरात घालून तो नव्याने लिहावा; दुसरे घर निवडताना ही टिपणे फार उपयोगी पडतात.

सगळे सुरळीत असेल तर तिसऱ्या महिन्याच्या फोनवर दोन कामे उरकून घ्यावीत. महापालिकेचा कुत्र्याचा परवाना नव्या मालकाच्या नावे निघाला आहे का ते विचारावे; त्यासाठी रेबीज लसीचा दाखला लागतो, तो लस-पुस्तकात असतोच. आणि पुढच्या लसीची तारीख त्यांच्या मोबाईलच्या कॅलेंडरमध्ये, फोन ठेवण्यापूर्वीच, टाकून घ्यायला सांगावी.